नांदूरमध्यमेश्वर : बंधारा, गाळ आणि पाखरं



दिवाळी झाली की गटांच्या बैठकीत सहलीचा विषय निघतोच. शिर्डी, वणी, त्र्यंबकेश्वर ही नावं ठरलेली. गेल्या काही वर्षांत त्यात एका नावाची भर पडली आहे, नांदूरमध्यमेश्वर. "तिथं म्हणे लांबच्या देशातली पाखरं येतात, सरकारनं अभयारण्य केलंय, मनोरा बांधलाय, जाऊ या एकदा," असं कुणीतरी म्हणतं आणि बाकीच्या मान डोलावतात. जायलाच हवं. पण जाण्याआधी ही जागा झाली कशी हे ठाऊक असलं, तर तिथं उभं राहिल्यावर दुप्पट दिसतं. म्हणून आजच्या भागात मी पाखरांच्या आधी तिथल्या भिंतीची, पाण्याची आणि गाळाची गोष्ट सांगणार आहे. ती शंभर वर्षांहून जुनी आहे. ती दुष्काळापासून सुरू होते आणि आजही पुरती संपलेली नाही.

आधी जागा समजून घेऊ. नाशिक जिल्ह्यातला निफाड तालुका. ब्रह्मगिरीवर उगम पावलेली आपली गोदावरी त्र्यंबकेश्वर, नाशिक करत या तालुक्यात येते. वाटेत तिला दारणा मिळते. पुढे दिंडोरीकडून आलेली कादवा मिळते. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमापाशी नांदूरमध्यमेश्वर गाव आहे. नदीच्या मध्यावर देऊळ, म्हणून मध्यमेश्वर. रामानं मारीच हरणाला बाण मारला तो इथूनच, असं गावातली माणसं सांगतात. त्या कथेचं मृगव्याधेश्वराचं देऊळही तिथं आहे.

इथला पाऊस मात्र विचित्र. इगतपुरी आणि त्र्यंबककडे ढग फुटल्यासारखा कोसळतो. तोच पाऊस घाट ओलांडून निफाडला येईपर्यंत दमतो. डोंगराच्या आडोशाला असलेल्या या भागाला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. म्हणजे आभाळातून पाणी थोडं आणि नदीतून पाणी खूप, तेही पावसाळ्याचे दोन-तीन महिने. त्या महिन्यांत नदी पात्र सोडून दोन्ही अंगांना पसरते, डोंगरातून आणलेली माती सपाटीवर टाकते आणि परत पात्रात जाते. जिथवर ती पसरते, त्या जमिनीला भूगोलाच्या पुस्तकात पूरमैदान म्हणतात. आपल्याकडे तिला मळईची जमीन म्हणतात. मळईची माती काळीभोर, पोयट्याची. पूर आला की नुकसान, आणि पूर गेला की त्याच मातीत हरभरा-गहू जोमानं येतो. काठावरच्या माणसांनी हा व्यवहार पिढ्यानपिढ्या मान्य केलेला होता. घरं उंचावर, शेत खाली, अशी जुन्या गावांची मांडणी होती.

आता भिंतीकडे येऊ. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आपल्या मुलखावर एकामागून एक दुष्काळ आले. १८७६ ते ७८ चा मोठा दुष्काळ. मग १८९६-९७. तो सरतो न सरतो तोच १८९९-१९००, ज्याला जुनी माणसं विक्रम संवतावरून छप्पनचा दुष्काळ म्हणायची. सरकारनं दुष्काळी कामं काढली. रस्ते, तळी, खडी फोडणं. त्या कामांवर बाया मोठ्या संख्येनं होत्या. माती वाहत होत्या, दगड फोडत होत्या, आणि त्यांची मजुरी पुरुषांहून कमी ठरवलेली होती. ही गोष्ट मी मुद्दाम सांगते, कारण धरणांच्या आणि कालव्यांच्या इतिहासात साहेबांची नावं येतात, टोपली डोक्यावर घेणाऱ्या बाईचं नाव येत नाही.

एवढे दुष्काळ झाल्यावर इंग्रज सरकारनं १९०१ साली एक सिंचन आयोग नेमला. १९०३ पर्यंत त्या आयोगानं देशभर फिरून अहवाल दिला. पावसाच्या भरवशावर असलेल्या मुलखाला कालव्याचं पाणी दिलं, तर दुष्काळात माणसं आणि जनावरं तगतील, आणि दर वेळी दुष्काळी कामांवर सरकारी खजिनाही रिता होणार नाही, असा विचार त्यामागे होता. गोदावरीचे कालवे त्याच काळातले. १९०७ च्या सुमारास नांदूरमध्यमेश्वरच्या बंधाऱ्याचं काम सुरू झालं आणि पुढच्या काही वर्षांत ते उभं राहिलं. इगतपुरी तालुक्यात दारणेवर धरण झालं, ते १९१६ साली पुरं झालं.

या दोघांची जोडी कशी चालते ते सांगते. पाणी साठवायचं काम दारणा धरणाचं. बंधारा म्हणजे धरण नव्हे. ती नदीला आडवी घातलेली बुटकी भिंत. धरणातून सोडलेलं पाणी नदीनं खाली येतं, भिंतीशी अडतं, उंचावतं आणि डाव्या-उजव्या कालव्यांत वळतं. तिथून ते कोपरगाव, राहात्याकडे जातं. पुढे नाशिकजवळ गंगापूर धरण झालं, त्याचंही पाणी या वाटेनं येऊ लागलं. नंतरच्या काळात वैजापूर-गंगापूरकडे जाणारा जलद कालवाही इथूनच काढला. गोदाकाठचा ऊस, खालच्या भागातले साखर कारखाने, बाजारपेठा हे सगळं या बुटक्या भिंतीच्या जिवावर उभं राहिलं. ज्या मुलखात दुष्काळात माणसं गाव सोडून जात होती, तिथं पुढे ऊसतोडीला बाहेरून माणसं येऊ लागली. एवढा फरक या पाण्यानं केला.

आता पुढची गोष्ट कुणाच्याही नकाशात नव्हती. नदी वाहते तेव्हा माती घेऊन वाहते. भिंतीशी ती थांबली, की माती खाली बसते. बंधाऱ्याच्या मागे जिथवर पाणी तुंबतं, त्याला आपण फुगवटा म्हणतो. त्या फुगवट्यात दर पावसाळ्यात गाळाचा एक थर बसत गेला. वर्षामागून वर्षं गेली. पाण्यात उंचवटे झाले, त्यांची बेटं झाली. बेटांवर गवत आलं, बाभळी आल्या. कडेला लव्हाळा, पाणकणीस उगवलं. कुठं गुडघाभर पाणी, कुठं घोटाभर, कुठं नुसता चिखल. कालव्याला आवर्तन सुटलं की पाणी कमी होतं आणि चिखल उघडा पडतो. मग परत पाणी येतं.

माणसाच्या हिशेबानं हे नुकसानच होतं. गाळानं बंधाऱ्याची पाणी धरायची ताकद कमी झाली. पाखरांच्या हिशेबानं मात्र यासारखी जागा नाही. खोल धरणात बदकाला पाय टेकत नाहीत, तळाचं अन्न चोचीला लागत नाही. उथळ पाण्यात ऊन तळापर्यंत पोचतं, शेवाळ-पाणवनस्पती वाढतात, त्यांवर किडे, गोगलगायी, शिंपले, छोटे मासे वाढतात. लांब पायांचे पक्षी चिखलात उभे राहून खातात, बदकं उथळ पाण्यात डोकं खाली घालून खातात, आणि बेटांवरच्या झाडांवर कुत्र्या-मांजरांपासून दूर रात्र काढतात. पूर्वी नदी पावसाळ्यात पसरून अशी दलदल थोडे दिवस करायची. भिंत आणि गाळ यांनी मिळून ती दलदल बारमाही केली. पूरमैदान पुन्हा जितं झालं, तेही कुणी ठरवलेलं नसताना.

पाखरांनी ही जागा हेरली, मग पाखरांच्या मागे माणसं आली. पक्षी अभ्यासक सालिम अली यांनी या जागेला महाराष्ट्राचं भरतपूर म्हटलं, असं इथं आवर्जून सांगितलं जातं. १९८६ साली सरकारनं नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्य जाहीर केलं. वन्यजीव संरक्षण कायदा लागू झाला. शिकारीला बंदी आली. वनखात्यानं मनोरे बांधले, पक्ष्यांची गणना होऊ लागली, पक्षी महोत्सव भरू लागला. चापडगावसारख्या काठावरच्या गावांतली मुलं पाखरं ओळखायला शिकली आणि पाहुण्यांना पाखरं दाखवू लागली.

हे भरतपूर कोणतं, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. ते राजस्थानात आहे, आणि तिथला इतिहास आपल्याला इथं उपयोगी पडेल म्हणून दोन मिनिटं तिकडे जाऊन येऊ. भरतपूरचं केवलादेवही माणसानं बांध घातल्यामुळे झालेलं आहे. अठराव्या शतकात राजा सूरजमल यानं अजान बांध घातला आणि सखल रानात पाणी साठू लागलं. पुढे तिथले राजे इंग्रज पाहुण्यांना बदकांच्या शिकारीला बोलावू लागले. १९३८ साली व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात चार हजारांवर पक्षी मारले गेले. तो आकडा तिथं दगडावर कोरलेला आहे.

स्वातंत्र्यानंतर शिकार थांबली, आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला केवलादेव राष्ट्रीय उद्यान झालं. त्याबरोबर १९८२ साली गावकऱ्यांच्या म्हशी चारायला बंदी आली. पिढ्यानपिढ्या ज्या रानात म्हशी चरत होत्या, ते रान एका हुकुमानं बंद. गावकरी चिडले, चकमक झाली, पोलिसांनी गोळीबार केला आणि काही गावकरी मेले.

पुढचं ऐका. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांनी तिथं बरीच वर्षं अभ्यास केला. म्हशी आत येईनाशा झाल्यावर पाण्यातलं गवत बेसुमार माजलं, मोकळं पाणी कमी झालं, आणि पाण्यातल्या पक्ष्यांना ते अडचणीचं ठरलं, असं त्यांना आढळलं. गवत खाणारी म्हैस पाखरांच्या उपयोगाची होती. पुढे गावकऱ्यांना गवत कापून न्यायची परवानगी दिली गेली. कापणाऱ्यांत बाया होत्या हे वेगळं सांगायला नको. ज्या माणसांना बाहेर काढलं, त्यांचं रोजचं कामच त्या जागेला टिकवत होतं, हे कळायला माणसं मरावी लागली. नांदूरमध्यमेश्वरला भरतपूर म्हणताना हे सगळं भरतपूर लक्षात ठेवायला हवं.

आता परत निफाडला. जानेवारी २०२० मध्ये एक बातमी आली. नांदूरमध्यमेश्वर हे रामसर स्थळ झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. रामसर हे इराणमधल्या गावाचं नाव. तिथं २ फेब्रुवारी १९७१ रोजी पाणथळ जागा वाचवण्यासाठी देशादेशांत करार झाला. करार केलेले देश आपापल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांची नावं त्या यादीत घालतात आणि त्या नीट राखण्याची हमी देतात. २ फेब्रुवारीला पाणथळ दिन पाळतात तो यामुळेच. नांदूरमध्यमेश्वरची १,४३७ हेक्टर जागा या यादीत गेली. झाडं, पाखरं, मासे, प्राणी मिळून ५३६ प्रकारचे जीव इथं नोंदवलेले आहेत. त्यात देवळालीच्या नावानं ओळखला जाणारा एक चिमुकला मासा आहे, जो जगातून नाहीसा होण्याच्या बेतात आहे. गिधाडं आहेत, चंदन आहे, आणि उसात लपणारा, आपल्या सगळ्यांच्या धास्तीचा बिबट्याही आहे.

मान मोठा आहे. पण नदी वरच्या अंगाला जाऊन पाहिली, की गोष्ट वेगळी दिसते. बंधाऱ्याच्या वर, फुगवट्याच्या दिशेला चांदोरी आणि सायखेडा ही गावं आहेत. चांदोरी जुनं, नावाजलेलं गाव. पेशव्यांचे दिल्लीतले वकील हिंगणे याच गावचे. चांदोरीच्या नदीपात्रात जुनी दगडी देवळं आहेत. एरवी ती पाण्यात असतात. कडक दुष्काळात नदी आटली, की ती वर दिसतात आणि माणसं दर्शनाला गर्दी करतात. बंधारा होण्याआधी तिथं रोज दिवा लागत असेल. एका गावची देवळं पाण्यात गेली, तेव्हा दुसऱ्या तालुक्यातल्या उसाला पाणी मिळालं.

देवळांवरच थांबलं असतं तर एक वेळ चाललं असतं. मोठा पूर आला, की पाणी या गावांत शिरतं. १९६९ चा पूर जुन्या बायका अजून सांगतात. मग सप्टेंबर २००८, ऑगस्ट २०१६, ऑगस्ट २०१९. बाजारपेठ पाण्यात, घरं पाण्यात, माणसं होडीतून बाहेर काढलेली. पूर म्हणजे काय, हे नदीकाठच्या बाईला सांगावं लागत नाही. कणगीतलं धान्य सडतं. शेळ्या-कोंबड्या जातात. रेशनकार्ड, पासबुक, गटाची वही भिजून लगदा होते. पाणी एका रात्रीत येतं, पण घरातला चिखल काढायला पंधरा दिवस लागतात, आणि तो काढतं कोण हे आपल्याला माहीत आहे.

या गावांचं म्हणणं असं, की बंधाऱ्यामागे एवढा गाळ साचलाय की नदीला जागाच राहिली नाही. गाळ काढा. त्यात पाणवेलींची भर. ही जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेची. शोभेची म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आपल्या देशात आली. फूल जांभळं, देखणं. पण सांडपाणी आणि खताचं पाणी मिळालं की ती दिवसागणिक वाढते आणि पाण्यावर गालिचा अंथरते. नाशिक शहराचं सांडपाणी आणि काठच्या शेतातलं खत, दोन्ही गोदावरीत येतं. पुरात हे गालिचे सुटून वाहत येतात आणि सायखेड्याच्या पुलाला अडकतात. मग पूलच भिंत होतो. रामसरच्या नोंदीतही या जागेला असलेल्या धोक्यांत पाणवेलींचं नाव आहे. म्हणजे पाखरांचा आणि माणसांचा निदान एक शत्रू सारखाच आहे.

गाळाचं मात्र तसं नाही, आणि खरा पेच इथंच आहे. ज्या गाळावर पाखरं उतरतात, तोच गाळ चांदोरी-सायखेड्याला नको आहे. पुन्हा त्याच रामसरच्या नोंदीत असंही लिहिलंय, की ही पाणथळ जागा पुराचा जोर कमी करते. खालच्या गावांना पसरट जागेचा आधार, आणि वरच्या गावांना फुगवट्याचा त्रास. अभयारण्य झाल्यावर तिथला गाळ काढणं ही साधी गोष्ट राहिलेली नाही. वन्यजीव कायद्याच्या कलम २९ प्रमाणे अभयारण्यातल्या जिवांचा निवारा मोडायला किंवा तिथल्या पाण्याचा प्रवाह बदलायला मुख्य वन्यजीव रक्षकाची परवानगी लागते, आणि ती वन्यजीवांच्या भल्यासाठी असेल तरच मिळते. कायदा चांगल्या कारणासाठी आहे. पण रात्री पाणी ओट्याला लागलेलं असताना बाईला कलम ऐकवून चालत नाही.

मग करायचं काय? मला वाटतं, "गाळ काढा" आणि "गाळ ठेवा" या दोन घोषणांच्या मध्ये बरीच जागा आहे. मुख्य प्रवाहाच्या वाटेतला गाळ वेगळा आणि काठावरच्या उथळ चिखलातला गाळ वेगळा. कुठला कुणाला अडचणीचा आहे आणि कुठल्यावर कोणतं पाखरू उतरतं, हे मोजून, नकाशावर मांडून, गावासमोर ठेवून ठरवता येईल. पाणवेली पावसाळ्याआधी काढणं, वरच्या धरणांतून पाणी सोडण्याआधी वेळेवर इशारा देणं, शहराचं सांडपाणी नदीत येण्याआधी शुद्ध करणं, यांना तर कुणाचाच विरोध नाही. यासाठी वनखातं, पाटबंधारे खातं, नाशिकचे कारभारी आणि नदीकाठची गावं एका ठिकाणी बसली पाहिजेत. आणि गावं म्हटलं की त्यात बाया हव्यात, कारण पाणी कुठल्या पायरीला लागलं, किती वाजता लागलं, आधी कुठल्या गल्लीत आलं हे त्यांना नेमकं माहीत असतं. भरतपूरला म्हशीवाल्यांना विचारलं नाही, त्याचं काय झालं ते आपण आत्ताच ऐकलं.

बायांना तिथं बसायला कायद्यानं जागा दिलेली आहे, हे पुष्कळ गटांना माहीत नसतं. २००२ साली जैवविविधता कायदा झाला. त्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी, आणि नियमाप्रमाणे तिच्या सदस्यांत किमान एक तृतीयांश महिला हव्यात. ही समिती गावाची लोकजैवविविधता नोंदवही तयार करते. गावातलं पाणी, झाडं, मासे, पाखरं, बियाणं, त्यांचे वापर, सगळं त्यात लिहायचं असतं. बऱ्याच गावांत ही समिती कागदावर असते. सदस्य म्हणून आपल्याच नणंदेचं किंवा जावेचं नाव असतं आणि तिलाच पत्ता नसतो. पुढच्या ग्रामसभेत एवढंच विचारा, आपल्या समितीत कोण बाया आहेत आणि नोंदवही कुठं आहे?

आता सहलीचं. नाशिकहून नांदूरमध्यमेश्वर साधारण चाळीस किलोमीटर. जायचा काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. निफाडची थंडी प्रसिद्ध आहे, तेव्हा शाल-स्वेटर घ्या. पहाटे निघा, कारण पाखरं सकाळी आणि उन्हं कलल्यावर जास्त दिसतात. भडक रंगाची साडी त्या दिवशी पेटीतच राहू द्या. गाडीतला स्पीकर आधीच बंद करा. गावातला माहितगार वाटाड्या घ्या. त्याच्याजवळ दुर्बीण असते, आणि आपले चार पैसे त्याच गावात राहतात. वाढदिवसाचा फुगा, प्लास्टिकची पिशवी, पानाची पिचकारी यांतलं काहीही तिथं ठेवून येऊ नका. डबे घरचे न्या आणि डब्यांबरोबर कचराही घरी आणा.

तिथं पोचल्यावर आधी बंधारा पाहा, मनोऱ्यावर नंतर जा. भिंत पाहा, कालव्याचं तोंड पाहा. मग मनोऱ्यावरून फुगवटा पाहिलात, की गाळाची बेटं ओळखू येतील. मग पाखरं. आपल्या भाषेत त्यांची नावं फार गोड आहेत. काळंभोर अंग आणि कपाळावर पांढरा टिळा, तो वारकरी. शेकड्यांनी एकत्र पोहतात, दिंडीच म्हणा. कमळाच्या पानांवर लांब बोटं पसरून चालणारा कमळपक्षी. पसरट चोचीचा थापट्या. लांब टोकदार शेपटीचं तलवार बदक. भगव्या अंगाचा चक्रवाक. चमच्यासारख्या चोचीचा चमचा. गुलाबी झाक असलेला चित्रबलाक. जांभळी पाणकोंबडी तर इतकी देखणी, की पैठणीच्या रंगाची आठवण व्हावी. नशीब असेल तर गुलाबी रोहितही दिसेल. यांतली बरीच बदकं मध्य आशिया आणि सायबेरियातली थंडी टाळायला हजारो किलोमीटर उडून येतात आणि उन्हाळा लागायच्या आत परत जातात. चमचा, जांभळी पाणकोंबडी यांसारखे पक्षी वर्षभर आपल्याकडेच दिसतात.

परतीच्या वाटेवर वेळ काढून चांदोरी किंवा सायखेड्याला थांबा. तिथल्या एखाद्या गटाला आधी फोन करून ठेवा, चहाला बसा. पुराचं पाणी कुठवर आलं होतं ते त्यांना विचारा. भिंतीवरची ती खूण आणि मनोऱ्यावरून पाहिलेली पाखरं एकाच दिवशी पाहिली, की ही जागा पुरती पाहिली असं म्हणता येईल. नुसतं पाखरं पाहून आलं, तर अर्धीच पाहिली.

आणि ज्यांना तिकडे जाणं जमणार नाही, त्यांच्यासाठी एक काम. आपल्या प्रत्येकीच्या गावाला नदी नाही तर ओढा, नाला, तळं काहीतरी आहेच. गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या चार आजींकडे जा. त्यांना तीन गोष्टी विचारा. सगळ्यात मोठा पूर कोणत्या साली आला आणि पाणी कुठवर आलं? त्या लहान असताना पाण्याकाठी कोणती पाखरं, कोणते मासे होते? आणि पूर पसरायचा त्या जागेवर आज काय आहे? त्यांची उत्तरं गटाच्या वहीत लिहा, तारीख घाला, खाली आजींची सही किंवा अंगठा घ्या, आणि त्याची एक प्रत ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत लावायला द्या. नवीन प्लॉट पडतील, ओढ्यावर भराव पडेल, तेव्हा "इथं पाणी येतं" हे सांगायला आपल्याकडे कागद असेल.

पुढच्या महिन्याच्या बैठकीत ही वही बरोबर आणा. ज्या गटांनी आजींशी बोलून लिहिलं असेल, त्यांचं लिखाण आपण रेडिओवर वाचून दाखवू, आजींच्या नावासकट. तोवर काळजी घ्या.